कुणाची लेक, कुठल्या गावची

त्या शनिवारी उर्मिलाबाईंचा पाय जमिनीवर ठरत नव्हता. सात वाजता आंघोळ झाली, दोनदा चहा झाला, तिसऱ्यांदा केस विंचरून झाले, आणि कार्यक्रम होता अकराला. तोवर करायचं काय? सुनेच्या मागं भुणभुण लावायची, दुसरं काय.

"कौमुदी, अगं माझी हिरवी इरकल कुठाय?"

"आई, प्रेसमध्ये ठेवलीय," कौमुदी वरूनच ओरडली.

"आता गं बाई, आजच्याच दिवशी इस्त्रीला दिलीस व्हय?"

"इस्त्रीला नाही हो. कपाटात. जिन्याखालच्या."

आयर्लंडातल्या एनिसमध्ये येऊन दीड वर्ष झालं तरी ह्या देशात कपाटाला प्रेस म्हणतात हे बाईंच्या डोक्यात शिरत नव्हतं. पण आज रागवायलाही सवड नव्हती. गावाबाहेर मैत्रीण लोरेटाच्या कुरणात मांडव पडला होता, चोवीस पाहुणे येणार होते आणि त्या चोवीस जणांपुढं बसून टोपली विणायची होती उर्मिलाबाईंनी. आता मिरजेची बाई आयर्लंडात येऊन कॅनडातल्या मूळच्या माणसांची टोपली कशी काय विणायला बसली, हे ऐकायचं तर जरा मागं चला.

त्या आल्या होत्या दोन हजार वीसच्या फेब्रुवारीत, तीन महिन्यांसाठी. मुलगा सारंग शॅननच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत, सून कौमुदी इथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट. मार्चमध्ये दारं बंद झाली, विमानं बंद झाली, आणि तीन महिन्यांची पाहुणी दीड वर्षाची झाली. सून इस्पितळात, पोरगा वरच्या खोलीत कानाला यंत्र लावून बसलेला. दिवसभर भिंतींशी बोलणार तरी किती? पाच किलोमीटरपर्यंत चालायची मुभा मिळाली तशा बाई बाहेर पडल्या, आणि तिसऱ्याच दिवशी एका झुडपाच्या कुंपणामागून आवाज आला. धप्, धप्, धप्.

त्यांनी डोकावून पाहिलं. एक बाई, साठीच्या आसपासची, काळ्या केसांची वेणी पाठीवर, साल काढलेल्या ओंडक्यावर कुऱ्हाडीची पाठ हाणत होती. हाणता हाणता ओंडक्यावरून लांबच लांब पट्टी सुटून आली. तिनं ती ओढून काढली, वाकवून पाहिली आणि शेजारच्या ढिगावर टाकली.

उर्मिलाबाईंचे हात असे शिवशिवले म्हणता. बारा वर्षं कोयता हातात धरला नव्हता. बाई बुरुडाची लेक, बुरुडाची सून. वडील आण्णा, सासरे, दीर, सगळे बांबू चिरणारे. सुपं, रोवळ्या, परड्या, दुरड्या. मिरजेतल्या कितीतरी लग्नांच्या रुखवतात यांच्या हातची परडी मांडलेली असायची. नवरा एसटीत कंडक्टर होता खरा, पण तो गेला तेव्हा सारंग होता नववीत. पुढचं सगळं ह्या दोन हातांनी केलं. पोराला नोकरी लागली आणि तो म्हणाला, आई, आता बस कर. कोयता फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेला. पोरगं प्रेमानं म्हणतंय असं तेव्हा वाटलं होतं, आणि अर्धं खरंही होतं ते.

तर कुंपणाशी उभ्या राहून बाईंनी अस्सल मिरजेच्या बोलीत हाक घातली, "अगं ए, ठोकत काय बसलीस? कोयत्यानं उभं चीर की."

त्या बाईला शब्द एक कळला नाही. पण आपली चूक काढली जातेय आणि काढणारी जाणती आहे, हे तिला पक्कं कळलं. तिनं एक पट्टी दगडी बांधावर ठेवली आणि नियमाप्रमाणे दोन मीटर मागं सरून उभी राहिली. उर्मिलाबाईंनी पट्टी उचलली, वास घेतला, नखानं खरवडली, बोटाभोवती वळवली. मोडेना. मग ओंडक्याकडं पाहिलं आणि आपणच आपल्या कपाळावर हात मारून घेतला. हा बांबू नव्हेच. हे झाड चिरायचं नसतं, ठोकून ठोकून त्याची वर्षं, म्हणजे दरसाल वाढलेला एकेक थर, सुटी करायची असतात. एका वर्षाची एक पट्टी. साठ वर्षांच्या आयुष्यात बाईंनी असली गंमत पाहिली नव्हती. घरी जाताना त्या जवळजवळ पळतच गेल्या, कुणाला तरी सांगायला.

ती बाई म्हणजे लोरेटा. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप ब्रेटन बेटावरची. पुस्तकात तिच्या लोकांना मिकमॅक लिहितात, ती स्वतः मिग्माक म्हणायची. गोरे लोक त्या किनाऱ्यावर उतरले त्याच्या कितीतरी आधीपासून तिचे लोक तिथं राहत होते. तीस वर्षांपूर्वी शेमस नावाच्या इथल्या माणसाशी लग्न करून ती एनिसला आली. तिच्याकडच्या टोपल्यांना लागणारं काळं अ‍ॅश झाड इथं नाही. पण त्याचं भावंड शोभेल असं इथलं अ‍ॅश होतं, त्याच्यावर रोग पडला होता, जिकडंतिकडं ती झाडं तोडत होते, आणि लोरेटा त्यातला ओंडका मागून आणायची. ही सगळी माहिती नंतर कौमुदीनं काढली. पहिले तीन आठवडे ह्या दोघींचं सगळं हातवाऱ्यांवर.

आणि त्या तीन आठवड्यांत एक भलताच घोळ झाला. उर्मिलाबाई रोज काहीतरी डब्यातून न्यायच्या. थालीपीठ, तिखटमिठाच्या पुऱ्या, कधी भाकरीचा कुस्करा. डबा बांधावर ठेवला की लोरेटा छातीवर हात ठेवून म्हणायची, "वेलालिन."

बाईंना ऐकू आलं, "वेळ आली न."

पहिल्यांदा त्या चकितच झाल्या, ह्या बाईला मराठी येतंय. मग जरा लागलं. वेळ आली न, म्हणजे उठा आता. खाणं ठेवायची खोटी की ही घालवून देतेय. पण परक्या देशात मानापमान कुठं करत बसा? बाई मुकाट उठायच्या आणि चालू लागायच्या. तिकडं लोरेटा बुचकळ्यात. ही बाई इतक्या प्रेमानं खायला आणते, आभार मानले की तोंड पाडून निघून का जाते? चौथ्या आठवड्यात रविवारी कौमुदी बरोबर आली तेव्हा उलगडा झाला. वेलालिन म्हणजे मिग्माक भाषेत आभारी आहे. इंग्रजी उर्मिलाबाईंना येत नाही म्हटल्यावर लोरेटानं आपल्या आजीची भाषा वापरली होती, परक्या बाईशी परकं बोलू नये म्हणून. कौमुदीनं दोन्हीकडं समजावून सांगितलं आणि बांधाच्या अल्याड पल्याड दोन बाया डोळ्याला पदर आणि बाही लावून हसत बसल्या. शेमस काय झालं म्हणून घरातून बाहेर आला.

मग काय विचारता. पाणी पुढं वाहायला लागलं. लोरेटानं एक दिवस लुस्किनिगन आणलं, तिच्याकडचा जाडजूड पाव, यीस्ट न घालता भाजलेला, वरून काळं चिकट काहीतरी ओतलेलं. बाईंनी बोट लावून चाखलं आणि त्यांचे डोळे भरून आले.

"अगं, ही तर काकवी. कौमुदी, हिला सांग, आमच्याकडं गुऱ्हाळावर मिळती. भाकरीसंगं खातो आम्ही."

पलीकडच्या बेटावर गव्हाच्या पावाला काकवी, मिरजेकडं ज्वारीच्या भाकरीला काकवी. उर्मिलाबाईंना वाटलं, आपण उगाच एवढं लांब आलोय असं समजत होतो.

असं वर्ष गेलं. दोन हजार एकवीसच्या उन्हाळ्यात दारं हळूहळू उघडली आणि लोरेटानं ठरवलं, ऑगस्टमधल्या वारसा सप्ताहात लोकांना घरी बोलवायचं. उघड्यावर, मांडवात. आपला पाव खायला घालायचा, तिच्या लोकांचा आवडता वाम मासा इथं धरायला बंदी म्हणून त्याऐवजी धुरावला बांगडा, आणि समोर बसून टोपली विणून दाखवायची. एनिसमध्ये तीस वर्षं राहून लोक तिला अजून स्पेनची का असं विचारत. एकदा तरी सगळ्यांसमोर सांगायचं होतं तिला, आपण कोण ते. चोवीस नावं आली आणि यादी भरली. आणि बरोबर दहा दिवस आधी मागच्या ओल्या पायरीवर पाय घसरून तिचं उजवं मनगट मोडलं.

कौमुदीनं प्लास्टर पाहिलं आणि सहा आठवडे हा हात विसरा म्हणाली. लोरेटा यादीतल्या लोकांना नको म्हणून कळवायला निघाली. तेव्हा उर्मिलाबाई पुढं झाल्या आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मी बसते. हिला सांग, मी बसते."

लोरेटानं डाव्या हातानं बाईंचा हात उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, कौमुदीनं ते मराठीत सांगितलं, "पट्टी माझी, विण माझी, चालेल. पण हात तुझे. तुझे हात माझे म्हणून मी लोकांना दाखवणार नाही. माझ्या आजीचा नियम होता, विणायला बसणारीनं आधी सांगायचं, कुणाची लेक, कुठल्या गावची, कुणाकडून शिकली. मग पहिली पट्टी टाकायची. ते सांगशील तर बस."

"त्यात काय, सांगीन की," बाई म्हणाल्या. तेव्हा त्यात काय आहे ते त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

ते दहा दिवस म्हणजे नुसता जल्लोष. रोज दुपारी दोघी शेडमध्ये. बांबू धरणारा हात अ‍ॅशच्या पट्टीवर बसवायला बाईंना दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी भांडण. गोल विणीला उभ्या पट्ट्या विषम लागतात, सम झाल्या तर वीण फिरतच नाही, एकावर एक येऊन बसते. हे दोघींना पाठ. पण आण्णा बांबूची एक जादा कामटी आत घुसवायचे, तिला ते चोर म्हणायचे. लोरेटा चोर घालू देईना, ती एक पट्टी उभी कापून तिच्या दोन करायची. बाई म्हणाल्या, पट्टी कमजोर होते. लोरेटा म्हणाली, तुझ्या चोरानं तळ फुगतो. दोघींनी आपापली टोपली करून शेमसला त्यांवर उभं केलं. दोन्ही टिकल्या. शेवटी बाई म्हणाल्या, तुझा मांडव, तुझी रीत. हे म्हणायला त्यांना जड गेलं, पण कार्यक्रम तिच्या लोकांचा होता, आपला नव्हे, एवढी अक्कल बाईंना होती.

शुक्रवारी संध्याकाळी चहा घेताना सारंगनं पाहुण्यांची यादी पाहिली. दोन नावांवर त्याचं बोट थांबलं.

"शिरीष आणि सुचित्रा येतायत? स्वोर्ड्सहून?"

"मीच सांगितलं त्यांना," कौमुदी म्हणाली. "का?"

शिरीष म्हणजे आयर्लंडातल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, सुचित्रा त्याची बायको. गणपती, दिवाळी, सगळं त्याच्या एका व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. सारंगनं कप खाली ठेवला.

"आई, तू विण. मस्त विण. पण ते बाकीचं नको सांगूस. हॉबी आहे म्हण."

"हॉबी?" उर्मिलाबाईंच्या नाकावर राग यायला वेळ लागत नसे. "तुझं इंजिनिअरिंग हॉबीवर झालं का रं?"

"तसं नाही. तुला माहीत नाही इथलं. तोंडावर कुणी काही बोलत नाही. सगळं ग्रँड, छान छान असतं. फक्त पुढच्या वेळी नैवेद्याचा स्वयंपाक कुणी करायचा ते ठरवताना आपल्याला फोन येत नाही. मी पुण्यात कॉलेजला असताना भोगलंय हे, परत नकोय मला."

पोराच्या आवाजात राग नव्हता, भीती होती, आणि तीच बाईंना झेपेना. ह्या हातांनी पोराची मान खाली जाईल असं आजवर काही केलं नव्हतं. न सांगावं तर लोरेटाचा शब्द मोडतो, सांगावं तर पोराचं मन.

"आई जे बोलतील तेच मी इंग्रजीत सांगणार," कौमुदी म्हणाली. "शब्दाला शब्द. नंतर तुझं तू बघ."

हा एक मोठाच आधार होता. आणि शनिवारी सकाळी, इरकल नेसून झाली, गजरा नाही म्हणून कुंपणावरची पांढरी फुलं केसात खोवून झाली, तोच कौमुदीचा फोन वाजला. तिच्या जागी असलेल्या मुलीच्या घरात कोविड निघाला होता, कौमुदीला लगेच कामावर बोलावलं होतं. तिनं सासूकडं पाहिलं, मग नवऱ्याकडं.

"सारंग, आता तूच ने आईंना. आणि तूच भाषांतर कर."

गाडीत मायलेक फार बोलले नाहीत. वाटेत सारंग एवढंच म्हणाला, "तू काळजी नको करूस, मी सांगतो नीट." त्या नीट शब्दाचीच बाईंना धास्ती वाटली.

पण मांडवात पाय टाकला आणि धास्ती कुठल्या कुठं पळाली. अहो, माणसं. दीड वर्षांनी एका ठिकाणी इतकी माणसं. बारीक पाऊस भुरभुरत होता, कुणाला त्याची फिकीर नव्हती. हनुवटीखाली मास्क लोंबतायत, हातात पावाचे तुकडे, बोटांवर काकवी, सगळे एकाच वेळी बोलतायत. शेमस किटली घेऊन धावत होता. लोरेटा गळ्यात निळा रुमाल आणि प्लास्टरमधला हात छातीशी धरून एकेकाला आत घेत होती. तिच्याकडच्या एका सुगंधी गवताची वेणी हातोहात फिरत होती. उर्मिलाबाईंनी ती नाकाशी धरली, वाळ्याच्या जवळपासचा वास आला आणि त्यांनी ती चटकन सोडलीच नाही. शेजारच्या म्हाताऱ्या ब्रीजबाई, वही पेन्सिल घेऊन आलेल्या, त्यांची पाळी यायची होती, त्या खोकल्या तेव्हा कुठं दिली.

शिरीष आणि सुचित्रा पुढच्याच बाकावर होते. सुचित्रानं लांबूनच हात जोडले. "काकू, छान दिसताय. आज काय, तुम्ही पण?"

"बसा, बघा," बाई म्हणाल्या.

मग लोरेटा उभी राहिली. तिनं आपल्या भाषेत सुरुवात केली, मग इंग्रजीत. सारंग आईच्या कानाशी भरभर सांगत होता. ती म्हणत होती, मी लोरेटा, मेरीची लेक, अ‍ॅनची नात, केप ब्रेटनची. माझ्या आजीनं टोपल्या विणून नऊ मुलं वाढवली. शहरातल्या दारोदार ती टोपल्या विकायला जायची आणि लोक मागच्या दारानं बोलवायचे. पुढच्या दारानं कधीच नाही. आज माझा हात मोडलाय, म्हणून टोपली माझी मैत्रीण विणणार आहे. ती मिग्माक नाही. ती कोण ते तीच सांगेल, कारण आमच्या घरात सांगितल्याशिवाय विणत नाहीत.

मागच्या दारानं. उर्मिलाबाईंना हे दोन शब्द ऐकून सांगलीच्या पेठभागातला एक बोळ आठवला, तिथं त्या डोक्यावर सुपांची चळत घेऊन उभ्या राहायच्या. बाईसाहेब पाणी वरून ओतायच्या. मनातली घालमेल तिथंच थांबली. ही बाई चोवीस जणांपुढं ताठ उभी राहून आजीचं नाव घेते, आणि आपण आण्णांना हॉबी म्हणायचं?

त्या चटईवर बसल्या, इरकलीचा काष्टा सावरला, पट्ट्या पुढ्यात ओढल्या आणि बोलायला लागल्या.

"मी उर्मिला. मिरजेची. आण्णांची लेक. आण्णा बुरूड होते, मी बुरुडाचीच सून. आम्ही बांबू चिरतो, सुपं विणतो, रोवळ्या विणतो. मला आण्णांनी शिकवलं, मी सात वर्षांची असताना. माझ्या पोराला मी ह्याच्यावर मोठा केला. ही वीण माझी न्हाई, ह्या लोरेटाची हाय. तिनं शिकवली. हात तेवढे माझे."

बोलून झाल्यावर त्यांनी सारंगकडं पाहिलं. चोवीस जणांनीही पाहिलं.

सारंग इंग्रजीत बोलला. एकच वाक्य, तेही आखूड. बाईंना इंग्रजी कळत नव्हतं, पण आपण केवढं बोललो आणि पोरानं केवढं सांगितलं हे कळायला भाषा कशाला लागते? हातच्या कांकणाला आरसा कशाला. लोक हसून माना डोलवत होते, छान छान म्हणत होते. हात पट्टीवर होता, तो उचलेना. सांगितल्याशिवाय विणायचं नव्हतं, आणि सांगितलेलं पोचलं नव्हतं.

लोरेटानंही ओळखलं. सव्वा वर्ष बांधावर बसून तिचा कान एका शब्दाला सरावला होता. ती सारंगकडं वळून म्हणाली, "मी तिच्या तोंडून बुरूड ऐकलं. ते तू सांगितलं नाहीस. बुरूड म्हणजे काय?"

ब्रीजबाईंनी पेन्सिल सरसावली. "कसं लिहायचं ते, बाळा?"

त्याच वेळी सुचित्रा नवऱ्याच्या कानाशी लागली. कुजबुजच ती, पण मराठीत, आणि मांडव गप्प होता. "अच्छा. म्हणजे ते सुपंवाले?"

उर्मिलाबाईंनी हा अच्छा आयुष्यभर ऐकला होता. त्याला त्या सरावल्या होत्या. त्यांना भीती वाटली ती पोराची. त्यांनी पाहिलं तर सारंगचे कान लाल झाले होते, लहानपणी शाळेतून भांडून यायचा तसे. आता हा उठून गाडीकडं जाणार, असंच त्यांना वाटलं.

सारंग उठला खरा. पण गाडीकडं गेला नाही. त्यानं बूट काढले, मोजे काढले, चटईवर येऊन आईसमोर उकिडवा बसला. उभ्या आडव्या पट्ट्यांचं बूड तिनं मांडून ठेवलं होतं, त्याच्या मधोमध उजव्या पायाचा अंगठा दाबून धरला. नववीतला पोरगा शाळेतून आल्यावर तसाच बसायचा, आई पहिला फेरा घेईपर्यंत बूड हलू नये म्हणून. वीस वर्षं झाली असतील त्याला. कुणाला सांगावं लागलं नाही.

मग तो सुचित्राकडं बघून मराठीत म्हणाला, "हो वहिनी. सुपंवाले." आणि लोकांकडं वळून इंग्रजीत बोलायला लागला.

"जरा डावीकडं दाब," उर्मिलाबाई म्हणाल्या. त्यांनी पहिली पट्टी आडवी घातली, एक वर, एक खाली. शिरीष बाकावरून पुढं वाकला होता आणि काकू, माझ्या आईकडे रोवळी आहे अजून, तिचा काठ सुटलाय, असं काहीतरी म्हणत होता. सुचित्रा खाली मान घालून पाव खात होती. ब्रीजबाई लिहीत होत्या.

सारंग बराच वेळ बोलत राहिला. बाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. मिरज कळलं, आण्णा कळलं, बुरूड कळलं. आणि वुई. वुई म्हणजे आम्ही, एवढं कौमुदीनं शिकवलं होतं. पोरगं पुन्हा पुन्हा वुई म्हणत होतं. बाई विणता विणता मोजायला लागल्या. सतरापर्यंत मोजलं, मग काठ उभा करायची वेळ आली आणि मोजायचं राहून गेलं.